मंगळावरचा रोल धुवून कधी येणार?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "मंगळावरचे फोटो बघायला एवढं काय धावायचं? सगळे दगडच तर असतात." प्रश्न रास्त आहे. मंगळावर खरंच दगड असतात, वाळू असते, आणि वर पिवळट-तांबूस आकाश. बस्स. तरी जगभरात अशी माणसं आहेत, आणि त्यातली काही आपल्या पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरातही आहेत, जी सकाळी उठून चहाच्या आधी मंगळावरून नवे फोटो आले का ते बघतात. मी त्यातलाच एक. तर आज नवं यान नाही, नवा शोध नाही. आज फक्त या वाट बघण्याबद्दल बोलू.

ज्यांनी रोलचा कॅमेरा वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. छत्तीस फोटोंचा रोल असायचा. मुंज झाली, सहल झाली, की रोल स्टुडिओत धुवायला द्यायचा. मग दोन-तीन दिवस नुसती हुरहुर. आजीचे डोळे मिटलेले नसतील ना, शेवटच्या फोटोत उजेड शिरला नसेल ना. आता मोबाइल आल्यापासून ही हुरहुर गेलीच. मंगळाने मात्र ती शिल्लक ठेवली आहे. तिथे फोटो काढणारा एक यंत्रमानव, धुवून आणणारा दुसरा, आणि आपण इथे दुकानाच्या पायरीवर बसलेलो.

याची खरी सुरुवात २००४ साली झाली. त्याआधी १९९७मध्ये 'पाथफाइंडर' आणि त्याच्यासोबतचा छोटा 'सोजर्नर' रोव्हर उतरला होता, तेव्हाही लोकांनी इंटरनेटवर गर्दी केली होतीच. पण तो खेळ तीन महिन्यांत संपला. २००४च्या जानेवारीत 'नासा'चे दोन जुळे रोव्हर उतरले. ४ जानेवारीला 'स्पिरिट', आणि २५ जानेवारीला 'ऑपॉर्च्युनिटी'. ऑपॉर्च्युनिटी उतरला तेव्हा आपल्याकडे रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. स्पिरिट त्या वेळी आजारी होता बरं का. त्याची मेमरी बिघडली होती आणि चार दिवसांपासून तो धड बोलत नव्हता. त्यामुळे त्या रविवारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, काय वातावरण असेल याची कल्पना करा.

आणि पहिले फोटो आले. एअरबॅगमध्ये गुंडाळलेला हा रोव्हर उड्या मारत मारत, घरंगळत, नेमका एका बावीस मीटरच्या छोट्या विवरात जाऊन पडला होता. ठरवून हे कुणालाही जमलं नसतं! समोर विवराच्या काठावर थराथरांचा मूळ खडक उघडा पडलेला. इकडून तिकडून येऊन पडलेला धोंडा नव्हे. जिथल्या तिथे तयार झालेला खडक. आजवर मंगळावर उतरलेल्या कुठल्याही यानाच्या समोर असं काही आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हे फोटो शास्त्रज्ञांनी पाहिले, आणि जवळजवळ त्याच वेळी तुम्ही-आम्हीही पाहिले. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स आणि पॅनकॅम कॅमेऱ्याचे प्रमुख जिम बेल यांनी ठरवलं होतं की आलेला प्रत्येक कच्चा फोटो आपोआप इंटरनेटवर जाईल. निवडलेला नाही, सजवलेला नाही. हललेला, काळपट, अर्धा आलेला, सगळा. कुणी अधिकाऱ्याने मान डोलवायची वाट बघायची नाही.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा हे धाडसच होतं. शास्त्रज्ञाचं आयुष्य पहिल्या शोधनिबंधावर उभं असतं. दहा-बारा वर्षं कॅमेरा बांधण्यात घालवायची, यान सुखरूप उतरेल का म्हणून रात्री जागायच्या, आणि मग फोटो आल्या आल्या चव्हाट्यावर ठेवायचे? दुसऱ्या कुणी त्यावरून आधी निबंध लिहिला तर? ही भीती खोटी नाही. २०१४मध्ये युरोपच्या 'रोझेटा' यानाने ६७पी धूमकेतू गाठला, तेव्हा मुख्य कॅमेरा 'ओसिरिस'चे बहुतेक फोटो त्या गटाने सहा महिने राखून ठेवायचा हक्क वापरला. लोकांना बघायला मिळाले ते मुख्यतः दिशादर्शनाच्या साध्या कॅमेऱ्याचे फोटो. हौशी मंडळी चिडली. मला त्या शास्त्रज्ञांचीही बाजू समजते. दहा वर्षांचा प्रवास होता तो, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पीएचड्या त्यावर होत्या. पण खरं सांगू? धूमकेतूपाशी यान पोहोचलंय, आपल्याला माहीत आहे की तिथे रोज फोटो निघताहेत, आणि ते कुलपात आहेत. ही वाट बघणं वेगळं. त्यात हुरहुर नसते, नुसती चिडचिड असते. रोल धुवून आलाय, पण दुकानदार देत नाही म्हणतोय!

ऑपॉर्च्युनिटीच्या बाबतीत वाट बघायची ती निसर्गामुळे आणि यंत्रामुळे. माणसाने अडवल्यामुळे नाही. म्हणून ती गोड वाटायची.

फोटो येतो कसा, ते जरा सांगतो. मंगळावरचा दिवस, त्याला 'सोल' म्हणतात, आपल्या दिवसापेक्षा साधारण चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणजे आज फोटो सकाळी आठला आले तर उद्या आठ-चाळीसला, परवा नऊ-वीसला. असं सरकत सरकत साधारण पाच आठवड्यांत घड्याळ पूर्ण फिरून येतं. ज्यांना याचं वेड लागतं त्यांच्या घरी, विचारूच नका, जेवणाच्या वेळा मंगळावर ठरतात. रोव्हर दिवसभर काम करतो. दुपारी त्याच्या डोक्यावरून 'मार्स ओडिसी' हे कक्षेतलं यान जातं. दहा-पंधरा मिनिटं ते आकाशात असतं, तेवढ्यात रोव्हरने जमेल तेवढं वर पाठवायचं. सगळं मिळून किती? आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो होतील साधारण एवढंच. मग ओडिसी ते पृथ्वीकडे धाडतं. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद, ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा, यातली जी मोठी अँटेना त्या वेळी मंगळाकडे तोंड करून असेल ती ते पकडते. नुसत्या प्रवासालाच ग्रह जवळ असतील तर तीन मिनिटं, लांब असतील तर बावीस.

आणि आधी येते ती टिकली. थंबनेल हो, पण आम्ही टिकलीच म्हणतो. बोटाच्या नखाएवढं धूसर चित्र. त्यावरून एवढंच कळतं की रोव्हरच्या पोटात अमुक एक फोटो आहे. मोठा फोटो त्याच दिवशी येईल किंवा आठवड्याने. तोवर त्या टिकलीत डोळे घालून बसायचं. हा डाग म्हणजे टेकडी असेल का? की भिंगावरची धूळ?

फोटोच्या नावातही गंमत होती. सुरुवातीला १ असेल तर ऑपॉर्च्युनिटी, २ असेल तर स्पिरिट. पुढचं अक्षर कॅमेऱ्याचं. पी म्हणजे पॅनकॅम, एन म्हणजे वाट शोधायचा नॅव्हकॅम, एम म्हणजे सूक्ष्मदर्शी. नावं वाचूनच लोक ओळखायचे की आज गाडी चालली की एका जागी बसून खडक घासला.

रंगीत फोटो मात्र आयता मिळायचा नाही. पॅनकॅमचे दोन डोळे, दोन्हींसमोर आठ-आठ गाळण्यांचं एक-एक चाक. आत फोटो ब्लॅक अँड व्हाइटच निघायचा. एकच दृश्य एकदा जवळच्या अवरक्त प्रकाशात, एकदा हिरव्यात, एकदा जांभळ्यात टिपायचं, आणि ते तीन एकावर एक ठेवले की रंग उमटतो. हे काम नासाचे लोक करायचेच, पण त्यांच्या आधी घरोघरीची हौशी माणसं करून मोकळी व्हायची. कुणी शिक्षक, कुणी सॉफ्टवेअरवाला, कुणी निवृत्त. तीन फोटो घेईपर्यंत सूर्य थोडा सरकलेला असतो, म्हणून सावल्यांच्या कडेला रंगाची बारीक किनार येते. ती काढण्यात रात्र जायची. इंग्लंडमधला डग एलिसन हा अशांपैकीच एक हौशी. पुढे तो जेपीएलमध्येच नोकरीला लागला आणि क्युरिऑसिटी रोव्हरचे कॅमेरे चालवणाऱ्यांत गेला. एखाद्या घरच्या गणपतीच्या आरतीला पेटी वाजवणाऱ्याने थेट मोठ्या गवयाला साथ करावी, तसं.

नव्वद सोलांसाठी पाठवलेला हा रोव्हर चौदा वर्षांहून जास्त चालला. एकूण ४५ किलोमीटर आणि वर थोडं. मॅरेथॉनपेक्षा जास्त. आणि सव्वादोन लाखांच्या आसपास फोटो. यातले बहुतेक दिवस, श्रोत्यांनी म्हटलं तसं, दगडांचे. वाळूचे. पण काही वाट बघणी अशी होती की विसरणं शक्य नाही.

एप्रिल २००५. रोव्हर गुडघाभर वाळूच्या एका उंचवट्यात रुतला. (गुडघाभर म्हणजे त्याच्या चाकांच्या मानाने.) नंतर त्या जागेला पर्गेटरी नाव पडलं. जेपीएलमध्ये तशीच वाळू तयार करून दुसऱ्या रोव्हरवर सराव झाला आणि मग मंगळावर हळूहळू चाकं फिरवायला सुरुवात झाली. सपाट जमिनीवर १९२ मीटर गेला असता एवढी चाकं फिरली, तेव्हा कुठे ४ जूनला तो बाहेर आला. त्या दिवसांत येणारे फोटो म्हणजे काय? तेच चाक, तीच वाळू. आज काल सारखंच. कालचा फोटो आणि आजचा फोटो आलटून पालटून लावायचे आणि बघायचं, चाकाजवळचा तो खडा एक केसभर मागे गेला का. गेला की आनंद! जेसीबीने गाडी ओढताना बघायला आपल्याकडे गर्दी जमते ना, तसंच. फक्त इथे गाडी दिवसाला काही सेंटिमीटर हलायची.

दुसरी वाट तीन वर्षांची. २००८मध्ये रोव्हर व्हिक्टोरिया विवरातून बाहेर पडला आणि एन्डेव्हर या बावीस किलोमीटर रुंदीच्या प्रचंड विवराकडे निघाला. तिथे तो पोहोचेल असं फार जणांना वाटत नव्हतं. वाटेत मेरिडिआनीचं सपाट मैदान, नजर जाईल तिथवर वाळूच्या बारीक लाटा. २००९च्या मार्चमध्ये क्षितिजावर काहीतरी दिसलं. विवराच्या काठाची टेकडी, बारा-एक किलोमीटरवर. फोटोत ती म्हणजे क्षितिजावरची जराशी सूज. लोकांनी फोटो उभ्या दिशेने ताणून ताणून तिला डोंगर केलं. मग महिन्यामागून महिने ती सूज वाढत गेली. पंढरीच्या वाटेवर कळस दिसू लागल्यावर वारकऱ्यांची चाल बदलते म्हणतात. रोव्हरची चाल नाही बदलली, आमची बदलली. ९ ऑगस्ट २०११ला तो काठावर पोहोचला.

मधूनच अशीही विश्रांती असायची की फोटो जवळपास बंद. दर सव्वीस महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवता येत नाहीत. आमच्यातल्या एकाने त्याचं नाव 'पितृपंधरवडा' ठेवलं होतं. नवं काही सुरू करायचं नाही.

सगळं खुलं ठेवण्याची किंमतही होती बरं. जानेवारी २०१४मध्ये एका फोटोत, रोव्हरच्या समोर, एक चारेक सेंटिमीटरचा दगड दिसला. बारा सोलांपूर्वीच्या त्याच जागेच्या फोटोत तो नव्हता. कडेला पांढरट, मध्ये जांभळट लाल. जॅम भरलेल्या डोनटसारखा. झालं! जगभर बोभाटा. एका गृहस्थांनी तर ती बुरशीसारखी सजीव वस्तू आहे आणि नासा नीट तपासत नाही म्हणून कोर्टात धाव घेतली. शेवटी फेब्रुवारीत उलगडा झाला. रोव्हरच्याच चाकाखाली एक दगड फुटून त्याचा तुकडा उडून तिथे पडला होता. कुणी म्हणेल, बघा, म्हणून असे फोटो लोकांना द्यायचे नसतात. मला उलट वाटतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, चाकाच्या खुणांचा फोटो, सगळं सगळ्यांसमोर होतं, म्हणून त्या अफवेला पाय फुटले तरी तिला फार लांब जाता आलं नाही.

आणि उलटं उदाहरण आपल्या घरचं आहे. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चं विक्रम चंद्रावर कोसळलं. नासाच्या 'एलआरओ' यानाने त्या जागेचे घेतलेले फोटो सगळ्यांसाठी खुले होते. चेन्नईचे षण्मुग सुब्रमणियन, व्यवसायाने इंजिनिअर, अंतराळसंस्थेशी नोकरीचा काही संबंध नाही, यांनी घरी बसून जुने-नवे फोटो बिंदू बिंदू ताडून पाहिले आणि अवशेषाचा एक ठिपका शोधला. नासाने खात्री करून डिसेंबरमध्ये त्यांच्या नावानिशी ते जाहीर केलं.

आता २०१८. मेच्या अखेरीस मंगळावर धुळीचं वादळ उठलं आणि काही दिवसांत ग्रहच झाकून गेला. ऑपॉर्च्युनिटी सौरऊर्जेवर चालणारा. आकाश किती गढूळ आहे हे मोजायचा एक आकडा असतो, त्याला 'टाऊ' म्हणतात. एरवी तो एकाच्या आत-बाहेर. १० जूनला तो १०.८ होता. म्हणजे हिशोब केला तर सूर्याचा थेट येणारा प्रकाश जवळजवळ पन्नास हजारांतला एक भाग उरला. दिवसभरात रोव्हरला मिळालेली वीज २२ वॅट-अवर. आपला नऊ वॅटचा एलईडी दिवा अडीच तासही चालणार नाही.

त्या दिवशी, ५१११व्या सोलला, त्याने सूर्याचे फोटो काढायचा प्रयत्न केला. त्याच्या दोन टिकल्या आल्या. मध्ये सूर्याचा उजळ ठिपका दिसायला हवा, तिथे भुतासारखा एक अंधूक ठिपका तेवढा होता. आणि एक मोठा फोटो येता येता राहिला. काळोख, त्यात कॅमेऱ्याच्या गोंगाटाचे पांढरे ठिपके, आणि खालचा भाग सपाट काळा, कारण तेवढा आलाच नाही. शेवटच्या वर्षांत त्याची कायमची मेमरी बिघडली होती, झोपायच्या आधी पाठवलं नाही तर फोटो पुसला जायचा. तेव्हा जे आलं नाही ते कुठेही नाही.

एक वाक्य तेव्हा फार फिरलं, अजून फिरतं, टी-शर्टवरही आहे. बॅटरी कमी झाली आहे आणि अंधार पडतोय, असे रोव्हरचे शेवटचे शब्द म्हणून. ते त्याचे शब्द नाहीत. एका पत्रकाराने रोव्हरच्या शेवटच्या संदेशाचा भावार्थ आपल्या भाषेत मांडला होता. रोव्हरने पाठवले होते आकडे. वाक्य छान आहे, माझी तक्रार नाही, पण मला १०.८ आणि २२ हे जास्त लागतात.

नंतर आठ महिने शांतता. याच काळात अणुऊर्जेवर चालणारा क्युरिऑसिटी ग्रहाच्या दुसऱ्या बाजूने तांबूस अंधाराचे फोटो पाठवत होता, ते बघायचे आणि ऑपॉर्च्युनिटीच्या पानावर परत यायचं. तिथे ५१११च्या पुढे काही नाही. ऑगस्टच्या शेवटी जेपीएलने सांगितलं की आकाश निवळलं की ४५ दिवस जोरात हाका मारू, मग नुसतं ऐकत राहू. त्यावर मोहिमेत पूर्वी काम केलेले लोक आणि जगभरचे चाहते उसळले, एवढ्यात सोडू नका म्हणाले. मुदत लांबली, हिवाळ्यात वारा सुटेल, पॅनेलवरची धूळ झटकली जाईल, ही आशा होती. हजाराहून जास्त आज्ञा पाठवून झाल्या. १२ फेब्रुवारी २०१९ला शेवटची हाक, दुसऱ्या दिवशी मोहीम संपल्याची घोषणा.

असाच काळ आपल्याकडे २०२३च्या सप्टेंबरात आला. चंद्र ग्रह नाही, पण वाट तीच. चांद्रयान-३चा प्रज्ञान रोव्हर दोन आठवड्यांच्या रात्रीसाठी झोपवला होता. २२ सप्टेंबरला सूर्य उगवल्यावर तो जागा होतो का, याकडे सगळा देश कान लावून बसला. नाही झाला. मला त्या वेळी चुटपूट लागली ती वेगळीच. तो जागा असताना दहा-बारा दिवसांत त्याने जे पाहिलं, त्यातले निवडक फोटो तेवढे आपल्यापर्यंत आले. विक्रमचा समोरून काढलेला तो फोटो सगळ्यांना आठवतो, कारण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फोटो होते. शास्त्रीय माहिती इस्रोने वर्षभरानंतर खुली केली, हे चांगलंच झालं. पण त्या ऑगस्टच्या संध्याकाळी शाळेतली मुलं टीव्हीला चिकटली होती, तेव्हा हललेले, काळपट, तिरपे कच्चे फोटो तासातासाला येत राहिले असते तर? एखाद्या सांगलीच्या किंवा गोंदियाच्या पोरीने ते जोडून स्वतःचं चित्र केलं असतं. ती संध्याकाळ परत येणार नाही. पुढच्या मोहिमेची येईल, म्हणून आत्ता बोलतोय.

आज पर्सिव्हिअरन्स आणि क्युरिऑसिटीचे कच्चे फोटो नासाच्या संकेतस्थळावर असेच येतात. आता कॅमेरे थेट रंगीत असल्याने तीन फोटो जुळवायची खटपट बरीच कमी झालीय. सोल क्रमांकाने लावून बघा. टिकल्या आधी येतील, घाई करू नका.

आणि ऑपॉर्च्युनिटीचा शेवटचा मोठा पॅनोरमा जरूर बघा. १३ मे ते १० जून २०१८, ३५४ फोटो जोडून केलेला. एन्डेव्हरच्या काठावरची पर्सिव्हिअरन्स दरी, उतारावरून आलेल्या त्याच्याच चाकांच्या खुणा, लांबवर विवराचा तळ. सगळा रंगीत आहे. फक्त डावीकडे खाली काही चौकटी ब्लॅक अँड व्हाइट राहिल्यात. तिथला पहिल्या गाळणीतला फोटो काढून झाला होता. हिरव्या आणि जांभळ्या गाळणीतले काढायचे होते.

भेटू पुढच्या भागात.